एका ट्यूबलाइटवर दोन पाली

माझ्या व्याह्यांइतका संताप आणणारा माणूस अख्ख्या सोलापूर जिल्ह्यात दुसरा नसेल, आणि असलाच तर त्याला माझ्या घरी पाठवू नका. सुनेचे वडील. माढ्याकडच्या हायस्कुलात जन्मभर जीवशास्त्र शिकवलं, बायको वारली, मग लेकीनं त्यांना इथं आणलं. शाळा सुटली, पण मास्तरांचं शिकवणं सुटलं नाही. समोर पोरं नव्हती म्हणून मी सापडले. मी चौथी शिकलेली. त्यानंतर मला कुणी शिकवलेलं चालत नाही.

म्हातारपणी माणसं देवाच्या नादी लागतात, हे किड्यांच्या नादी लागले. मिक्सरच्या प्लगमध्ये कुंभारमाशीनं मातीचं घर केलं, तर "पिल्लं बाहेर पडेपर्यंत थांबा" म्हणून यांनी बटणावर कागद चिकटवला. तोवर शेंगाचटणी मी खलबत्त्यात कुटली. झुरळांचा खडू ओढायला गेले की मागं उभे. "विहीणबाई, औषधानं सगळी मरत नाहीत. एखादं मुळातच चिवट असतं, ते वाचतं, आणि पुढं त्याचीच पिल्लं वाढतात. तुम्ही चिवट झुरळं निवडताय." मी म्हटलं, "मी आजवर एक सून निवडली, तीबी चिवटच निघाली. मूळ कुटलं ते आता कळतंय." माणसानं रागवावं की नाही? हे खूश! "आनुवंशिकता! बरोबर!" अशा माणसाशी भांडताही येत नाही, याचा राग वेगळाच.

कढीपत्त्यावर पक्ष्याच्या विष्ठेसारखी दिसणारी अळी आली. मी काडी उचलली, हे आडवे आले. "हिच्या पूर्वजांत ज्या अशा दिसायच्या त्या वाचल्या, बाकीच्या पक्ष्यांनी खाल्ल्या. फुलपाखरू होणार आहे हिचं." "मला कढीपत्ता लागतो, पावणं. फुलपाखरू फोडणीत टाकता येत न्हाय." निम्मं झाड तिनं खाल्लं. वर जेवताना हेच विचारतात, आज आमटीला वास का नाही?

संध्याकाळी व्हरांड्यातली ट्यूब लागली की यांनी खुर्ची टाकून पाली बघायच्या. थोरली ट्यूबवर, धाकटी लांब कोपऱ्यात. "खाणं एक, जागा एक, तर दोघी टिकत नाहीत. एकीला दुसरी जागा धरावी लागते." मी शेंगा फोडत हूं म्हणायचे. मला काय माहीत, हा हिशेब ते माझ्या घराला लावतायत!

एका सकाळी मास्तर पिशवी भरून उभे. "माढ्याला जातो." सून रडायला लागली तेव्हा तोंड उघडलं. "मी आल्यापासून विहीणबाईंनी आपली खाट स्वयंपाकघरात नेली. माझ्यामुळं त्यांची जागा गेली." माझं डोकंच फिरलं. आमच्याकडं नळाला पाणी दिवसाआड सोडा, आठवड्यातून कधीतरी, अवेळी येतं. नळाचा आवाज तिथं ऐकू येतो म्हणून खाट तिथं. "मास्तर, मी पाल न्हाय! तोंड हाय तर इचारायचं की!" पण हे गेलेच. जन्मभर किड्यांकडं बघितलं, आणि माणसाला एक प्रश्न विचारायचं सुचलं नाही.

परवा दिवा लावला आणि वर बघितलं, तर दोन्ही पाली एकाच ट्यूबवर. एक या टोकाला, एक त्या टोकाला, किडे मटकावतायत. मी रागारागानं फोन लावला. "ओ पावणं, तुमच्या दोघी एकाच ट्यूबवर जेवायला बसल्यात. भांडण न्हाय, काय न्हाय. किडे लई हायत, दोघींना पुरतंय."

पलीकडून हळूच, "दोघींत अंतर किती आहे?"

"ते मोजायला तुमी या की," म्हटलं आणि फोन ठेवला.

अजून आले नाहीत. माझा राग तसाच आहे, आणि व्हरांड्यातली त्यांची खुर्ची कुणाला हलवू देत नाही मी. थंडी पडली की किडे जातील, पालीही दिसायच्या नाहीत. त्याआधी यावं माणसानं.