फिनेलनं मेलेली टाकी

कोपरगावाजवळच्या एका साखर कारखान्याच्या वसाहतीत गनीभाई पंप चालवत. एकाहत्तर साली पुण्याहून ट्रकवर एक तयार लोखंडी टाकी आली आणि ती सांभाळायचं काम त्यांच्याकडे आलं. वसाहतीतल्या मोऱ्यांचं, संडासांचं पाणी तिच्यात पडे. यंत्र तळातून हवा सोडी, पाणी उकळल्यासारखं घुसळून निघे. त्या हवेवर जगणारे, डोळ्यांना न दिसणारे जंतू घाण खाऊन टाकत. शेजारच्या कप्प्यात गाळ खाली बसे. त्यातला बराचसा जंतूंसकट पुन्हा मागे सोडायचा. वरचं नितळ पाणी ब्लीचिंग पावडर घालून पाटाला जाई. पाटाच्या कडेनं शेजारच्या साळूबाईनं गवत लावलं होतं. बहात्तरच्या दुष्काळात तिच्या दोन्ही म्हशी त्या गवतावरच तगून होत्या.

गनीभाईंची खोली टाकीला लागूनच. त्यांच्या बायकोला, जहिराला, त्याची फार लाज वाटे. त्याच दुष्काळात थोरल्या लेकीला, फरीदाला, बघायला बेलापूरचे पाहुणे यायचे ठरले, तेव्हा तिनं सफाईवाल्याकडून फिनेलचे दोन डबे मागून आणले आणि कुणाला न विचारता टाकीत ओतले.

सकाळी टाकीवर पांढरा फेस चढला होता. रोजचं तपकिरी पाणी राखी, गढूळ झालं होतं, गाळ बसेचना. दोन दिवसांनी पाहुणे आले तेव्हा कुजका वास घरात भरला होता. चहा अर्धा ठेवून, "कळवतो," म्हणत ते उठले.

पाहुणे गेल्यावर जहिरानं सगळं सांगितलं. "त्यात जित्तं काही असतं, हे मला काय ठाऊक?" म्हणून ती रडली. गनीभाई टाकीवरचा फेस पुन्हा एकदा बघून आले. मग टोपी घालून इंजिनिअरसाहेबांकडे गेले.

"साहेब, फिनेल आमच्याच घरातनं पडलं."

साहेबांच्या कपाळाला आठ्या पडल्या. "टाकी उपसा. ते पाणी पाटाला सोडू नका. शेणकाला घालून, नवे जंतू वाढवून पुन्हा सुरू करावी लागेल."

पाट कोरडा पडला तशी साळूबाई तावातावानं आली. गनीभाईंनी काही लपवलं नाही, वर टाकीसाठी म्हशींचं शेणही मागितलं.

"माजं गवत जळाया लागलं, अन् वर श्यान बी मलाच मागता?"

"व्हय. दुसरं कुनाकडं मागू?"

ती तशीच फणकाऱ्यानं निघून गेली. पण दुसऱ्या दिवशी गोठ्याचं फाटक उघडं होतं. जहिरानं स्वतः शेणाच्या पाट्या वाहिल्या. गनीभाई शेण कालवून टाकीत सोडत आणि काचेच्या पेल्यात पाणी घेऊन गाळ बसतो का ते बघत. पहिले कितीतरी दिवस पेला गढूळच राही. हे पुन्हा जगायचं नाही, असंही त्यांना वाटून गेलं. मग एकदा तळाशी तपकिरी गाळ बसला, वर पाणी निवळलं, आणि टाकीला ओल्या मातीसारखा वास यायला लागला.

पाट वाहता झाला. तोवर साळूबाईनं एक म्हैस दुष्काळातल्या गुरांच्या छावणीत धाडली होती. ती तिथंच मेली. बेलापूरहून निरोप आलाच नाही. पुढं फरीदाला पुणतांब्याला दिली. साळूबाई पाणी घेत राहिली, गनीभाईंशी बोलतही असे. जहिराशी मात्र ती वर्षभर बोलली नाही.