गोलकीपर का बदलली?

ओरेस्ट हलादूनचा कुणावरच विश्वास नव्हता, आणि मॉस रिज गावाला त्याचं कौतुक होतं. कॅनडातल्या सस्कॅचेवान प्रांताच्या सपाट मुलखातल्या या गावात त्याने तीस वर्षं धान्याची कोठारं सांभाळली होती. आपली रेल्वे बंद होणार नाही, असं एका मंत्र्याने त्याच कोठारासमोर उभं राहून छातीठोकपणे सांगितलं होतं. पुढच्या वसंतात रूळ उखडले गेले. तेव्हापासून ओरेस्ट ताकही फुंकून प्यायचा. निवृत्त झाल्यावर तो गावच्या साप्ताहिकात सदर लिहू लागला, ‘हलादून विचारतो’. अर्धं सदर राजधानी ओटावाच्या राजकारणावर, अर्धं बर्फावरच्या हॉकीवर. पंच विकलेले, मंत्री खोटारडे, आकडे फिरवलेले. को-ऑपच्या, म्हणजे गावच्या सहकारी दुकानाच्या, कँटीनमध्ये रोज सकाळी जमणारी म्हातारी मंडळी ते मोठ्याने वाचत आणि माना डोलवत.

त्या एप्रिलमध्ये देशाच्या निवडणुका तोंडावर होत्या आणि युरोपात महिलांची जागतिक हॉकी स्पर्धा चालू होती. कॅनडाची गोलकीपर रेनी वोरोबेट्स ही गावापासून सात मैलांवरच्या शेतावरची पोर. ओरेस्टनेच तिला लहानपणी बर्फावर उभं राहायला शिकवलं होतं. उपांत्य सामन्यात तिने पक, म्हणजे खेळातली ती रबरी चकती, एकदाही जाळ्यात जाऊ दिली नव्हती. अमेरिकेविरुद्धची अंतिम लढत बघायला भर दुपारी अख्खं गाव कँटीनमध्ये लोटलं, आणि गोलासमोर दुसरीच मुलगी उभी दिसली. रेनी बाकावरही नव्हती. कॅनडा हरलं. प्रशिक्षक एवढंच म्हणाले, “हा संघाचा निर्णय होता.”

ओरेस्टच्या मनात पाल चुकचुकली. आदल्या दिवशी क्रीडामंत्र्यांनी संघाबरोबर फोटो काढला होता, त्यात रेनी नव्हती. आणि रेनीच्या बापाच्या शेतात, हमरस्त्याला लागून, विरोधी उमेदवाराचा भलामोठा फलक उभा होता. दोन आणि दोन किती, हे ओरेस्टला कुणी शिकवायची गरज नव्हती. त्याने लिहिलं: मंत्र्यासोबत फोटोला उभी न राहणारी मुलगी दुसऱ्या दिवशी गोलासमोरून नाहीशी होते. हलादून विचारतो, पाणी कुठे मुरतंय?

संपादक लोर्ना प्रुडनने छापण्याआधी विचारलं, की पुरावा काय. पुरावा असता तर प्रश्न कशाला विचारला असता, असं तो म्हणाला. तिने छापलं.

तीन दिवसांत ते सदर फोनाफोनांतून देशभर पोचलं. विरोधी उमेदवाराने सभेत ते वाचून दाखवलं. प्रांताच्या राजधानीहून, रेजायनाहून, टीव्हीची गाडी आली आणि वोरोबेट्सांच्या फाटकापाशी चिखलात रुतून बसली. कँटीनमध्ये ओरेस्टला खिडकीजवळची मानाची खुर्ची मिळाली. इतक्या वर्षांत आपलं कुणीतरी ऐकलं, असं वाटून त्याचा ऊर भरून आला.

शनिवारी सकाळी त्याच्या दारात एक पांढरी गाडी थांबली. रेनीची आई मार्सी उतरली. ती बुटांचा चिखल न झटकताच आत आली आणि स्वयंपाकघरात उभी राहिली.

“मिस्टर हलादून, तिला कुणी काढलं नाही. तिनेच सांगितलं, मला खेळवू नका.”

ओरेस्टने तिला बसायला सांगितलं आणि पहिला प्रश्न विचारला तो असा: “तुला कुणी पाठवलं? मंत्र्याच्या माणसांनी?”

मार्सीने पर्समधून फोन काढून टेबलावर ठेवला आणि रेनीने पाठवलेला निरोप लावला. आवाज रडून बसलेला होता. ‘आई, टॉबी सापडला का? दोन रात्री डोळ्याला डोळा नाही. मला पक दिसतच नाहीये. मी कोचला सांगितलंय, मला घेऊ नका.’

टॉबी हा रेनीचा भाऊ. तो शहरात कामाला आहे, असं गावाला माहीत होतं. तो नशेच्या गोळ्यांच्या नादी लागला होता, उपचार अर्धे टाकून पळाला होता, आणि अंतिम सामन्याच्या संध्याकाळी सस्काटूनच्या एका रुग्णालयात बेशुद्ध सापडला होता. फोटोच्या वेळी रेनी हॉटेलच्या जिन्यात बसून एकेका रुग्णालयाला फोन लावत होती.

“तो शुद्धीवर आलाय,” मार्सी म्हणाली. “परत उपचाराला जातो म्हणतोय. टीव्हीवाल्यांनी त्याचं नाव काढलं, तर जाणार नाही. त्याला मी ओळखते.”

ओरेस्टला मान वर करवेना. तिच्या पोटच्या पोरीचं रडणं त्याने या बाईकडून पुरावा म्हणून काढून घेतलं होतं. तो पुटपुटला, “माझं चुकलं, मार्सी. काय करू सांग.”

“तुम्ही लावलेली आग आहे. तुम्हीच विझवा. पण टॉबीचं नाव नको.”

पुढच्या अंकात त्याचं सदर चारच ओळींचं होतं. मी लिहिलं ते खोटं निघालं. त्यात राजकारण नव्हतं, मंत्र्यांचा काही दोष नव्हता. रेनीची आणि वाचकांची माफी मागतो. मला हे कसं कळलं, ते सांगणार नाही.

लोर्नाने कागद दोनदा वाचला. “मलाही नाही सांगणार?”

“तुलाही नाही.”

टीव्हीची गाडी निघून गेली. पण कँटीन शांत झालं नाही. वीस वर्षं ज्याने त्यांना शिकवलं की जो कारण सांगत नाही तो काहीतरी लपवतो, तोच आता कारण सांगत नव्हता. शनिवारी त्याच्या दारात पांढरी गाडी दिसली होती म्हणे. सरकारी असेल. को-ऑपमागचा रस्ता डांबरी होणार होता, त्याच्याशीही कुणीतरी संबंध जोडून दाखवला. लोर्नाकडे अकरा पत्रं आली, नऊ त्याच्याविरुद्ध. तो आत आला की बोलणं हवामानावर वळे. ते ऐकताना ओरेस्टला लख्ख कळे, की त्यांच्या जागी आपण असतो तर याहून तिखट लिहिलं असतं.

निवडणूक झाली. फलक निघाले. मे महिन्यात मार्सी त्याला टपाल कार्यालयात भेटली. चार लोक बघत होते, म्हणून तिने ओळख दाखवली नाही. फक्त शेजारून जाताना हळूच म्हणाली, “गेला. तीन आठवडे झाले. टिकलाय.” ओरेस्टने टपालाच्या आपल्या खणात डोकं घालून ठेवलं, डोळे पुसून होईपर्यंत.

सदर त्याने सोडलं नाही. खतावरच्या कराबद्दल मंत्र्याला तो पूर्वीसारखाच झोडपत होता, पण कुठल्याही माणसाचं नाव लिहिण्याआधी आता त्या माणसाला फोन करायचा.

जूनमध्ये एका सकाळी कँटीनमध्ये वेस ॲब्राहमसन, चाळीस वर्षांचा त्याचा दोस्त, उठून त्याच्या टेबलाशी येऊन बसला.

“काय घडलं ते सांगू नकोस,” वेस म्हणाला. “एवढंच सांग. विकला गेलास का?”

“नाही.”

वेस “बरं” म्हणाला आणि पेपर उघडून खेळाचं पान काढलं. त्याला ते पटलं होतं की नाही, हे ओरेस्टला त्याच्या चेहऱ्यावरून काही केल्या कळलं नाही.