अस्वलाचं नाव, लांडग्याचं आडनाव

नावांचे किस्से कधी एकटे येत नाहीत. एक सांगायला बसलं की मागून दुसरा आपोआप निघतो. आमच्या ऑफिसातले तर मी आजही पाहुण्यांना जेवण झाल्यावर ऐकवतो.

तेव्हा नवं राज्य नुकतंच जोडलं जात होतं. बुऱ्हाणपूरजवळ एक कारखाना उभा राहत होता आणि मी तिथे टायपिस्ट होतो. ग्वाल्हेर, भोपाळ, रीवा, कुठकुठची माणसं एका खोलीत येऊन बसली होती. त्यात मशिनरी बसवायला नॉर्वेहून इंजिनिअर आले, हौगेनसाहेब. माझं इंग्रजी बरं, म्हणून दुभाषीही मीच.

*

भोपाळकडून आलेल्या मॅनेजरनी विचारलं, मीटिंगला कोण येणार? मी हेडक्लार्कचं नाव सांगितलं, "दत्तात्रय माधव जोशी." त्यांनी तीन खुर्च्या मांडायला लावल्या.

जोशी एकटेच आले. मॅनेजर म्हणाले, "बाकी दो कहाँ हैं?"

"माधव मेरे पिताजी हैं साहब. हर जगह साथ आते हैं."

हौगेनसाहेबांना मी हे समजावलं. ते म्हणाले, "आमच्याकडेही होतं. ओलेचा मुलगा हान्स असला तर तो हान्स ओलसेन, म्हणजे ओलेचा मुलगा, आणि त्या हान्सचा मुलगा हान्सेन. आता 'सेन' ही शेपटी तेवढी राहिली, बाप सुटला. तुम्ही सांभाळलात."

जोशी त्या दिवशी ताठ मानेनं घरी गेले.

*

हौगेन म्हणजे टेकाड. साहेबांच्या शेताचं नाव तेच, म्हणून आडनाव तेच. पूर्वी तिकडे माणूस दुसऱ्या शेतावर राहायला गेला की आडनाव बदलायचं.

जोशी म्हणाले, "बरं आहे, आपल्याकडे नाही. या बदल्यांच्या दिवसांत मी आत्तापर्यंत ग्वाल्हेरकर, मग रीवाकर झालो असतो. बायकोनं ओळखलं नसतं."

*

स्टोअर सांभाळायचे ते विठ्ठल लांडगे, खकनारकडचे. कोणीतरी लांडगे शब्दाचा अर्थ सांगितला आणि बाहेरून आलेली मंडळी त्यांना "भेडियाजी" म्हणायला लागली. लांडगे हसून घ्यायचे, पण डबा एकटेच खायचे. एक दिवस मला हळूच म्हणाले, "आडनाव बदलून टाकतो भाऊ. खकनारकर कसं वाटतं?"

त्याच आठवड्यात चहाच्या वेळी सगळ्यांदेखत कोणीतरी पुन्हा "भेडियाजी" म्हटलं. हौगेनसाहेबांनी मला अर्थ विचारला. मी सांगितला. त्यांनी कप खाली ठेवला.

"माझं नाव ब्योर्न. ब्योर्न म्हणजे अस्वल. धाकट्या भावाचं नाव उल्फ, म्हणजे लांडगा. आईनं मुद्दाम ठेवली, पोरं कशाला भिऊ नयेत म्हणून." मग उठून त्यांनी लांडग्यांशी हात मिळवला. "तुमचं तर सगळं घरच लांडग्यांचं. आमच्यात एकच."

मी हिंदीत सांगितलं, अगदी सावकाश.

दुसऱ्या दिवशी मॅनेजरनी फोनवर विचारलं, स्टोअर से कौन? उत्तर पार बाहेरपर्यंत ऐकू आलं, "विठ्ठल सखाराम लांडगे."

*

साहेबांच्या बाईंचं नाव सिग्रिड. बुऱ्हाणपूरच्या लालबागेतल्या त्यांच्या घरमालकीण राधाबाई त्यांना "सिगडीबाई" म्हणायच्या. सिगडी म्हणजे शेगडी हे कळल्यावर बाई पोट धरून हसल्या. सिग्रिड म्हणजे सुंदर विजय, हे मी राधाबाईंना सांगितलं.

"मंग विजयाच ना. इतकं फिरून कशाला सांगून राहिले?"

*

त्यांना मुलगी झाली ती बुऱ्हाणपुरातच. राधाबाईंनी बारसं करायचं ठरवलं. पाळणा सजला, बायका जमल्या, आणि मग प्रश्न आला, कानात नाव सांगायला आत्या कुठून आणायची? साहेबांना बहीणच नव्हती.

"मी हाय ना," राधाबाई म्हणाल्या. "ब्योर्न माझा भाऊ."

साहेबांनी नाव त्यांना एकट्यांनाच सांगितलं होतं. राधाबाई पाळण्यावर वाकल्या, बाळाच्या कानाशी कुजबुजल्या आणि तशाच वाकलेल्या राहिल्या. उठल्या तेव्हा पदर डोळ्यांना होता.

"तापी," त्या म्हणाल्या.

"आपल्या नदीचं नाव?" बायका एकमेकींना विचारू लागल्या. जोशींनी काळजीनं विचारलं, "साहेब, तुमच्या देशात हे नाव कोणाला कळणार? जो तो विचारेल, याचा अर्थ काय."

साहेब तोवर थोडं मराठी बोलायला लागले होते. पाळण्याची दोरी ओढत म्हणाले, "विचारू दे. म्हणून तर ठेवलं."