अनमाउंटच्या आधीची हजेरी

आमच्या मशीन रूमचे किस्से कुणी मुद्दाम जमवत नाही. चहाला बसलो की एक निघतो, त्यामागून दुसरा. नवीन माणूस आधी हसत ऐकतो, मग हळूच खुर्ची दाराकडे सरकवतो.

आमचं कॉलेज नगर शहराजवळचं. खोलीत बरेच कॉम्प्युटर, पण सगळ्यांच्या फाइली एकाच साठ्यात. एका टाकीला पुष्कळ नळ असावेत तसं. ती टाकी म्हणजे चार-पाच सर्व्हर. एखादा कॉम्प्युटर बंद करायचा तर आधी त्याला या साठ्यापासून नीट सोडवावं लागतं. त्याला अनमाउंट म्हणतात. आतली एक जरी फाइल कुणी उघडी धरून ठेवली, तर तो सुटत नाही. कमांड दिली की स्क्रीन गप्प. काही करा, ढिम्म हलत नाही.

* * *

माझे कामातले जोडीदार रफिकभाई, श्रीगोंद्याचे, हट्टी माणूस. एकदा सकाळपासून शोधत होते, फाइल कोण धरून बसलंय. जेवणाची वेळ टळली. आमचे साहेब भापकर सर, मूळचे तिसगावचे, मागे येऊन उभे राहिले.

"रफिक, ती स्क्रीनच्या कोपऱ्यातली विंडो कुनाची?"

"माझीच की, सर."

"ती त्याच फोल्डरात उघडी हाय. आरं, सोता उंबऱ्यावर बसलाय आन् दार लागंना म्हनतोय!"

त्या दिवसापासून सरांनी हजेरी सुरू केली. अनमाउंटच्या आधी ते एकेकाचं नाव घेणार, त्याने आपलं सगळं बंद करून "मी बाहेर" म्हणायचं. शेवटी सर स्वतःचं नाव पुकारत आणि स्वतःच "मी बाहेर" म्हणत. आम्हाला हसू यायचं. सर मात्र गंभीर.

* * *

एकदा फाइल धरणाऱ्यांच्या यादीत नावाऐवजी नुसता आकडा आला. शोधलं तर तो पुण्याला नोकरीला गेलेल्या एका विद्यार्थ्याच्या खात्याचा. खातं आम्ही कधीच पुसलं होतं, प्रोग्राम मात्र चालूच होता. फोन केला तर तो म्हणाला, "सर, मला तर आता आठवतही नाही." रफिकभाई त्यानंतर त्या कॉम्प्युटरकडे पाठ करून चहा पीत नाहीत.

* * *

साठ्यातला एक जुना सर्व्हर काढून आम्ही व्हरांड्यात भंगारात टाकला होता. पुढे एक कॉम्प्युटर सुटेना. फाइल तर कुणीच धरलेली नव्हती. सरांनी लॉग, म्हणजे कॉम्प्युटरची नोंदवही, वाचला.

"हे त्या भंगारातल्याला हाका मारतंय. त्यो उत्तर देईना, म्हनून हे जाईना."

"मग याला सांगा ना सर, तो आता न्हाई म्हणून," रफिकभाई म्हणाले.

"सांगितलं. ऐकत न्हाई."

शेवटी तो सर्व्हर उचलून आत आणला, धूळ झटकली, वायरी जोडल्या. तो सुरू होऊन बोलायला लागला आणि कॉम्प्युटर सुटला. सगळे हसले. मला ते काही आवडलं नव्हतं.

* * *

सर गेले ते अचानक, हृदयविकाराने. आता हजेरी मी घेतो.

आमच्याकडे संगीता मॅडम भूजलाचा अभ्यास करतात. पारनेरकडच्या विहिरींचं त्यांचं गणित कित्येक आठवडे चालून नुकतंच संपलं होतं. निकालाचा शेवटचा भाग मात्र अजून कॉम्प्युटरच्या मेमरीतच अडकला होता. अनमाउंट नीट झालं तरच तो साठ्यात उतरणार. दुपारी लाइट जाणार असं कळवलेलं आणि आमची बॅटरी दमलेली. लाइट गेली की सगळं पुसलं जाणार, पुन्हा पहिल्यापासून.

मी हजेरी घेतली. मॅडम म्हणाल्या, "मी बाहेर." रफिकभाई म्हणाले, "मी बाहेर." मीही म्हणालो. कमांड दिली. स्क्रीन गप्प.

यादी पाहिली, रिकामी. सर्व्हर सगळे चालू, सगळे उत्तर देत होते. जेवढं येत होतं तेवढं केलं. मॅडम पदराचं टोक बोटाला गुंडाळत बसल्या होत्या. मला खरंच भीती वाटत होती.

दारात उभे रफिकभाई हळूच म्हणाले, "आपण सरांचं नाव घेतलंच न्हाई."

भर दुपारी, उजेडात, ते नाव घ्यायला मला नको वाटलं. तरी मी स्क्रीनकडे बघत नाव घेतलं.

"भापकर सर."

खोलीत फक्त पंख्यांची घरघर. मग स्क्रीनवर नवी ओळ आली. कॉम्प्युटर सुटला होता. मॅडमनी घाईघाईने शेजारच्या कॉम्प्युटरवर फाइल उघडली. शेवटच्या विहिरीपर्यंत सगळं उतरलं होतं.

मी वळून पाहिलं. रफिकभाई दारातून बाजूला झाले होते, कुणाला जायला वाट द्यावी तसे.