शीव पाण्यात गेली तेव्हा

भुताखेतांचे अनुभव मी वाचते ते निव्वळ करमणूक म्हणून. विश्वास म्हणाल तर शून्य... मी सहावी-सातवीच्या मुलांना विज्ञान शिकवते, आणि रस्त्यात पडलेल्या लिंबू-मिरचीवरून खुशाल चालत जाणाऱ्यांपैकी आहे. त्यामुळे हे लिहावं की नाही, यातच बरेच दिवस गेले. लिहितेय ते एवढ्यासाठी की घरी सांगायला माझं कुणी नाही, आणि स्टाफरूममध्ये सांगितलं तर दुसऱ्या दिवशी वर्गात मुलं मला विचारतील.

गाव सांगली जिल्ह्यातलं, पलूसच्या बाजूचं, अगदी कृष्णाकाठी. नाव मुद्दाम लिहीत नाही. तिथल्या शाळेत माझी नेमणूक झाली तेव्हापासून मी आक्काच्या घरी भाड्याने राहत होते. आक्का म्हणजे साठी ओलांडलेली जैन बाई. यजमान वारलेले, मुलगा पुण्याला कंपनीत. घर उंच जोत्याचं, साधं. पुढची खोली तिची, मागची माझी, मध्ये एक भिंत. शाळेतल्या बाई म्हणून ती मला ‘बाई’च म्हणायची, पण अहो-जाहो कधी केलं नाही.

मी मूळची आटपाडीकडची. आमच्याकडे पाणी म्हणजे टँकर. वडील मेंढरं राखायचे. दिवाळी झाली की कळप घेऊन कऱ्हाड-पाटणकडे नाहीतर कृष्णाकाठाला, आणि पावसाआधी माघारी. आई मी लहान असतानाच गेली. मला आश्रमशाळेत घातलं ते वडिलांनी, आणि “पोरीला आता काढ, लगीन लाव” म्हणत येणाऱ्या प्रत्येक पाहुण्याला चहा पाजून परत पाठवलं तेही त्यांनीच. आमच्या घरातली पहिली ग्रॅज्युएट मी. आज जी काही आहे ती त्यांच्यामुळे. नोकरीची ऑर्डर यायच्या आधीच्या उन्हाळ्यात ते गेले... ती पाहायला राहिले नाहीत.

त्या श्रावणात कोयनेतून विसर्ग वाढवल्याचे मेसेज यायला लागले. गावात रिक्षातून लाऊडस्पीकर फिरला. लोकांनी जनावरं वरच्या वस्तीवर नेली, धान्याची पोती माळ्यावर चढवली, गॅसच्या टाक्या खांबांना बांधल्या. नदीकाठच्या बायांनी कृष्णामाईची ओटी भरली. मी माझी सर्टिफिकेटं प्लास्टिकच्या पिशवीत घालून पोटाशी बांधली. पुराची सवय असलेली माणसं ती... आधी कुणी हललं नाही. मग एका रात्रीत पाणी मारुतीच्या देवळात शिरलं आणि सकाळी जो तो ट्रॅक्टरवर चढला.

“आक्का, शेजाऱ्यांचा ट्रॅक्टर थांबलाय. चला.”

“तू जा बाई. मला न्हाई यायचं.”

“का पण?”

“चातुर्मास हाय. गावची शीव वलांडायची न्हाई असा नेम घेतलाय मी, महाराजांच्या म्होरं.”

“महाराजांना फोन करून विचारू.”

“फोन वापरत्यात व्हय गं महाराज? शिकवतीस काय पोरास्नी?”

मी म्हटलं, जिवावर बेतल्यावर कसला नेम. तर म्हणाली, “जिवावर बेतंल तवाच नेम. एरवी काय, कुणीबी पाळतंय. आन् छावणीत खायाला काय? कांदापोहे आन् बटाट्याची भाजी. तेबी दिवस बुडाल्यावर.”

“मी करून घालीन की दिवसाउजेडी.”

“तू? तुझ्या पिठल्यापरीस पूर बरा.”

ट्रॅक्टर गेला. त्यात मला जागा होती. पण शाळा सुटल्यावर “बाई, जेवलीस का गं” असं विचारणारं त्या अख्ख्या गावात मला एकच माणूस होतं, आणि ते तिथं पाटावर बसून जपमाळ ओढत होतं. तिला तशी सोडून जाणं मला जमलं नाही. ती हलणार नाही, आणि ती हलल्याशिवाय मी हलणार नाही, असं ते होऊन बसलं.

दुसऱ्या दिवशी गल्लीत कमरेएवढं पाणी. नेटवर्क गेलेलं, लाईट गेलेली. दुपारी खालच्या अंगाने एक नाव आली, शेजारच्या गावातले दोघेजण होते.

“आवं आक्का, हट्ट करू नगा,” त्यातला एक म्हणाला. “आमी पल्याडच्या मळ्यातली माणसं घेतो आन् जाताना परत हिकडनं येतो. ती शेवटची फेरी. अंधारात नाव घालत न्हाई आमी.”

आक्काने त्याला हात जोडले आणि आत गेली. तो माझ्याकडे बघून म्हणाला, “बाई, तुमी तरी या.” मी नकारार्थी मान हलवली.

नाव गेल्यावर जी शांतता झाली तिचं काय सांगू... गावात माणूस नाही, जनावर नाही, कुत्रं भुंकत नाही. पावसाचा आवाज आणि भिंतींना लागणाऱ्या पाण्याचा. मला आठवतंय, मी मागच्या खोलीत स्टुलावर उभी राहून पुस्तकं माळ्यावर रचत होते आणि मनात म्हणत होते, की उद्या मी इथे नसले तर शाळेशिवाय कुणाला कळवायचं, हा प्रश्नही कुणाला पडणार नाही.

तेव्हा तो आवाज आला.

म्होरक्या शेळीच्या गळ्यातली घंटा. मागोमाग खुरांचा — शेकडो खुरांचा — तो दबका आवाज, चिखलातून कळप चालताना येतो तसा. मध्येच जीभ टाळ्याला लावून काढलेला टकटक आवाज आणि एक लांब “हिर्रर्र”. मी आधी दचकलेसुद्धा नाही. लहानपणी तो आवाज सदा कानात असायचा, त्यामुळे आपण काही वेगळं ऐकतोय हेच लक्षात आलं नाही. मग ओल्या लोकरीचा वास आला, आणि माझे हात थांबले.

श्रावणात नदीकाठाला मेंढरं नसतात. चिखलात खुरं सडतात. पावसाआधीच सगळे कळप कोरड्या मुलखात परतलेले असतात. आणि बाहेर तर कमरेएवढं पाणी होतं... चालतील कशावरून?

मी स्टुलावरून उतरून पुढे धावले. गल्लीत फक्त पाणी. घंटा बंद. आक्का उंबऱ्यात उभी होती, डोक्यावरून पदर, हातात कापडाची पिशवी.

“चल,” ती म्हणाली.

“आक्का, तुम्ही मेंढरं ऐकली?”

“चल म्हणते न्हवं. नाव येतीया.”

नाव खरंच आली. आम्ही चढलो. गावाची शीव जिथे असावी तिथे तिने डोळे मिटून हात जोडले.

आम्हाला उंचावरच्या एका शाळेत ठेवलं होतं. दुसऱ्या दिवशी तोच नाववाला भेटायला आला. म्हणाला, घराची मधली भिंत रात्रीतच बसली, माळ्यासकट, मागच्या खोलीत. माझी कॉट त्या भिंतीलगत होती. तो गेल्यावर आक्काने जपमाळ पिशवीत ठेवली. मग म्हणाली,

“काल तुझा बा आला हुता.”

“आक्का, माझे वडील वारलेत. सांगितलंय मी तुम्हाला.”

“ठाव हाय. म्हणून तर काल बोलले न्हाई.”

मग तिने सांगितलं. मी आत पुस्तकं रचत असताना तो येऊन वरच्या पायरीवर उकिडवा बसला, काठी हनवटीखाली धरून. पाऊस कोसळत होता आणि त्याच्या खांद्यावरचं घोंगडं कोरडं होतं. तिला वाटलं, कुणीतरी वाट चुकलाय. त्याने पाणी मागितलं. तिने गाळलेलं पाणी ओतलं, तो ओंजळीने प्याला.

“मला म्हणला, उठा आता आक्का. मी म्हणलं, बाबा, माझा नेम हाय, शीव वलांडायची न्हाई मला. तर हसाय लागला. म्हणला, आवं, शीव कवाच पाण्याखाली गेली. न्हाई ती वस्तू वलांडणार कशी तुमी?”

वडील फॉरेस्टवाल्यांशी हद्दीवरून असाच वाद घालायचे. पण असं कुणीही बोलू शकतं, म्हणून मी ते मनावर घेतलं नाही. तिचं पुढचं वाक्य मात्र कुणीही बोलू शकेल असं नव्हतं.

“आन् म्हणला, तुमी उठल्याबिगार आमचं लांडगं उठायचं न्हाई. मागल्या खोलीकडं हात केला त्यानं, तवा वळाकलं मी.”

लहानपणी मी कोकरांच्या वाटणीचं दूध पिऊन टाकायचे. म्हणून वडील मला ‘लांडगं’ म्हणायचे. फक्त ते. आश्रमशाळेत गेल्यावर तेही चारचौघांत म्हणत नसत. या गावात ते कुणाला माहीत असायचं कारण नाही.

मी सगळं लॉजिक लावून पाहिलंय. वडील कधीतरी त्या शिवारात खतासाठी मेंढरं बसवायला आले असतील, आक्काने त्यांना तेव्हा पाहिलं असेल. तापात मी कधी ते नाव बडबडले असेन. पाण्यावरून दूरचा आवाज वेगळा ऐकू येत असेल. यातलं एकेक पटतं. सगळं मिळून पटत नाही. आणि दोघींना एकाच वेळी भास व्हावा, तिला दिसण्याचा आणि मला नुसता ऐकण्याचा, हे कुठल्या पुस्तकात बसतं ते मला माहीत नाही.

आक्काने नंतर महाराजांना शीव ओलांडल्याचं सांगितलं. त्यांनी उपवास दिले, ते तिने मुकाट्याने केले. पडलेली भिंत आता सिमेंटची आहे. मी अजून तिथेच राहते.

छावणीतल्या त्या दिवशी मी तिला एकच विचारलं होतं. मी तर भिंतीच्या पलीकडेच होते. मग ते आत का आले नाहीत? इतक्या लांबून आले, आणि मला न भेटता गेले?

आक्काने माझ्या पाठीवर हात ठेवला. “तुझ्याकडं आला असता तर तू उठली असतीस व्हय, बाई? त्याच्यासंगंच बसून ऱ्हायली असतीस.”

बाकी कशाचंच उत्तर मला अजून मिळालेलं नाही. पण हे तिचं खरं आहे. मी बसलेच असते.