मारोतीची सहा आकडी संख्या

मारोती गेल्याचं मला पाटोद्याच्या बाजारात कळलं. मेथीची जुडी हातात तशीच धरून उभा राहिलो, आणि पहिला विचार आला तो हा, की आता माझं गणित दाखवायचं कुणाला... रडू त्यानंतर आलं. आमची मैत्री अशीच होती, तिच्यात माझा हेवा पहिल्यापासून कालवलेला.

निजाम सरकारच्या शाळेत आम्ही शेजारी बसायचो. शिकणं उर्दूतून, पाढे मात्र घरी मराठीत घोकलेले. एकदा तालीम खात्याचे, म्हणजे शिक्षण खात्याचे साहेब आले. एकपासून सोळापर्यंत प्रत्येक आकड्यानं पूर्ण भाग जाईल अशी संख्या काढा, म्हणाले. मी एक ते सोळा सगळे आकडे एकमेकांनी गुणत सुटलो. चौदा आकडी संख्या पाटीवर मावेना, शेवटची शून्यं लाकडी चौकटीवर काढली. बरोबर होती हो! पण मारोतीची पाटी सहाच आकड्यांची. ७२०७२०.

"सोळात आठ आले, आठात चार आले. पुन्हा कावून गुनायचं?" एवढंच तो म्हणाला.

याहून लहान संख्या निघतच नाही, हे साहेबांनी साऱ्या वर्गाला समजावलं आणि त्याची पाठ थोपटली. माझ्या पोटात तेव्हा जे दुखायला लागलं, ते पुढं दोघंही त्याच शाळेत मास्तर झालो तरी थांबलं नाही. मी त्या संख्येत खोट शोधत राहिलो. एका दुपारी सापडली! सतरानं भागलं की पाच उरतात. तडक त्याचं घर गाठलं. तो ओसरीवर सुपारी कातरत होता.

"मग सतरानं गुन की बे," तो हसत म्हणाला.

गुणलं. सतरानं भाग गेला, आणि अठरानं तर आधीपासूनच जात होता, फुकटात. संख्यासुद्धा मेल्या त्याच्याच बाजूच्या!

शेवटच्या आजारपणात भेटायला गेलो तेव्हा म्हणाला, "शंकऱ्या, ती संख्या तिसापत्तुर तू ने. माझ्यानं आता न्हाई व्हायचं."

खोटं कशाला सांगू, मला आनंद झाला. त्याला जमत नाही असं काहीतरी अखेर माझ्या वाट्याला आलं होतं. एकोणीस, तेवीस, एकोणतीस नव्यानं गुणावे लागले. पंचविसासाठी आणखी एक पाच, सत्ताविसासाठी आणखी एक तीन. २३२९०८९५६२८००. तेराच आकडे, लहानपणीच्या माझ्या सोळाच्या संख्येहूनही कमी! दाखवायला जाणार, तोवर तो गेला.

परवा राहवेना. त्याच्या घरी जाऊन गोदावैनींनाच संख्या वाचून दाखवली. त्या मान खाली घालून ऐकत राहिल्या.

"ते त्यांनी कवाच केलतं, भावजी," त्या हळूच म्हणाल्या. "बाजंवर पडल्या पडल्या, भितीवर कोळशानं. तुमी येनार म्हनल्यावर मला पुसाया लावलं. म्हनले, शंकरला करू दे."

बाजेशेजारी भिंतीवर पांढऱ्या मातीचा हात फिरवलेला पट्टा अजून उजळ दिसतो. मी त्याच्याकडे बघत बसलो... मला मारोतीचा इतका हेवा कधीच वाटला नव्हता. हरायलासुद्धा त्याला माझ्याहून चांगलं येत होतं.