दाखल्यावर पास

अंबरनाथच्या आमच्या शाळेत नववीतून दहावीत जायचे दोन मार्ग होते. एक म्हणजे पास होणं. दुसरा म्हणजे दाखल्यावर पास होणं. दुसऱ्या मार्गाने जाणाऱ्याच्या प्रगतिपुस्तकावरही ‘उत्तीर्ण’ असाच शेरा पडे, फक्त त्याच दिवशी शाळा सोडल्याचा दाखला हातात मिळे आणि दहावी दुसऱ्या कुठल्या तरी शाळेत करावी लागे. हा नियम कुठे लिहिलेला नव्हता. फाटकाजवळच्या फळ्यावर दहावीचा शंभर टक्के निकाल ऑइलपेंटने रंगवलेला होता. तो शंभरच राहावा म्हणून नववीत चाळणी लागते, हे पाचवीतल्या मुलांनाही माहीत होतं.

बुवापाड्यातल्या आमच्या गल्लीत अशी पास झालेली एक मुलगी होती, माझ्या एक वर्ष पुढची. दाखला घेऊन ती उल्हासनगरच्या एका शाळेत गेली, तिथे दहावीला जागा नव्हती. दुसऱ्या शाळेत जागा होती, पण गणित आणि विज्ञान मराठीतून होतं आणि तिने ते दोन वर्षं इंग्रजीतून केलेलं. गणपतीपर्यंत ती जात-येत राहिली. दिवाळीनंतर ती उल्हासनगरच्याच पाच नंबर कॅम्पात जीन्सच्या कारखान्यात धागे कापायला जायला लागली. संध्याकाळी परतताना तिची बोटं निळी असत.

“काय गं, कुठवर आलं?” ती मला दारातून विचारायची.

“भूमितीचं तिसरं प्रकरण.”

“कर कर. मी पास आहे हां, विचार शाळेत जाऊन,” असं म्हणून ती हसायची. मला तिच्या हसण्याची भीती वाटे. ती आली की मी पुस्तकात मान घालत असे.

माझी नववी सुरू झाली तेव्हा पहिल्याच दिवशी वेळापत्रक फळ्यावर लिहून दिलं गेलं. बीजगणित, भूमिती, विज्ञान, मराठी, इंग्रजी, हिंदी आणि संस्कृत संयुक्त, इतिहास आणि नागरिकशास्त्र, भूगोल आणि अर्थशास्त्र, कार्यानुभव, शारीरिक शिक्षण. आमची तुकडी सेमी इंग्लिशची. गणित आणि विज्ञान इंग्रजीतून, बाकी सगळं मराठीतून. सातवीपर्यंत सगळंच मराठीतून झालं होतं. आठवीत या दोन विषयांची भाषा बदलली आणि ते वर्ष गोंधळात गेलं, पण आठवीतून कुणाला काढत नसत. नववीतून काढत.

मी सेमीत होते ते पप्पांमुळे. ते मोरिवलीजवळच्या एका केमिकल कंपनीत ऑपरेटर होते. तिथल्या सगळ्या सूचना इंग्रजीत लागत आणि त्या वाचता येणारा माणूस सुपरवायझर होई. पप्पांना त्या वाचता येत नव्हत्या. एवढ्या एका कारणावरून त्यांनी आठवीच्या प्रवेशाच्या वेळी माझी तुकडी ठरवली होती.

वर्गात प्रत्यक्षात तीन भाषा चालत. विज्ञानाच्या बाई व्याख्या इंग्रजीत देत आणि अर्थ मराठीत सांगत. भूमितीचे सर उल्हासनगरहून स्कूटरवर येत. ते सिंधी होते. त्यांना मराठी पूर्ण समजे, पण शिकवत ते इंग्रजीत आणि रागावत हिंदीत. आम्ही मुलं इंग्रजी उत्तरं वहीत देवनागरीत उतरवून घेत असू आणि तशीच पाठ करत असू. अर्थ नंतर कळेल, आधी ओळ चुकता कामा नये, अशी सगळ्यांची रीत होती. माझ्या बाकावरची मुलगी बदलापूरहून, मांजर्लीतून यायची. तिच्या घरात पुराचं पाणी शिरून पुस्तकं भिजली होती. वाळवल्यावर ती फुगून दुप्पट जाड झाली होती आणि दप्तरात मावत नव्हती.

“तुझं काय काय राहिलंय?” मी तिला विचारायची.

“सगळं,” ती म्हणायची. “तू तुझं बोल. माझं तर पुस्तकसुद्धा उघडत नाही.”

शाळा दुपारची होती. सकाळी आई भाकऱ्या उरकून माझ्यासमोर बसे आणि पाठांतर घेई. आईला मराठी वाचता येत होतं, इंग्रजी नाही. ती पुस्तक हातात धरी, पण बघे माझ्या तोंडाकडे. मी अडखळले की ती बोट उचले.

“थांबलीस. परत.”

उत्तर बरोबर की चूक हे तिला कळणं शक्य नव्हतं. न थांबता म्हटलेलं उत्तर बरोबर, हे आमच्या घरात धरून चाललं होतं. प्रमेयं मी अशीच केली. पहिल्या अक्षरापासून शेवटच्या अक्षरापर्यंत, एका दमात.

ऑगस्टमध्ये भूमितीच्या सरांनी मला फळ्याकडे बोलावलं. समद्विभुज त्रिकोणाचं प्रमेय. ते मला झोपेतही म्हणता आलं असतं. सरांनी स्वतः त्रिकोण काढला आणि कोपऱ्यांना पी, क्यू, आर अशी नावं दिली. पुस्तकात ती ए, बी, सी अशी होती. मी सुरुवात केली, “इन ट्रँगल एबीसी...”

“कौन सा एबीसी?” सर म्हणाले. “इधर एबीसी किधर है? मुझे भी दिखा.”

वर्ग हसला. मी पुन्हा पहिल्यापासून सुरुवात केली आणि पुन्हा एबीसीच म्हटलं. दुसरं काही तोंडात येईचना. सिद्धता त्या अक्षरांनाच चिकटलेली होती. अक्षरं काढली की तिच्यातलं काहीच उरत नव्हतं.

“अक्षर बदला तो त्रिकोण मर गया क्या, बेटा?” सरांनी खडू माझ्या हातातून घेतला. मागच्या बाकांवर हसणं चालूच होतं. सर तिकडे वळले. “अभी हँस लो. एप्रिल में कोई नहीं हँसेगा.”

त्या दिवसापासून भूमितीच्या तासाआधी माझे हात गार पडू लागले. मधल्या सुट्टीत मी डबा उघडायची, पण घास गिळवत नसे. उरलेलं घरी नेलं तर आई विचारेल म्हणून बाकावरची मुलगी ते संपवायची. सहामाहीत मी भूमितीत नापास झाले. विज्ञानात काठावर पास झाले.

आमच्या वर्गशिक्षिका भूगोल आणि इतिहास शिकवत. सहामाहीचे पेपर वाटून झाल्यावर त्या टेबलाला टेकून उभ्या राहिल्या आणि शांतपणे म्हणाल्या, “कुणाकुणाला दाखला हवाय त्यांनी आत्ताच सांगून ठेवा. म्हणजे एप्रिलमध्ये ऑफिसात गर्दी होणार नाही.” या वेळी कुणी हसलं नाही.

त्यानंतर सेमीच्या तुकडीत एक व्यवस्था आपोआप लागली. भूगोलाच्या तासाला बाकाखाली भूमितीची वही उघडायची. इतिहासाच्या तासाला विज्ञानाच्या व्याख्या. बाईंना ते दिसे. एकदा त्या माझ्या बाकाशी येऊन उभ्या राहिल्या. मी वही झाकली.

“गणित करतेयस ना?” त्या म्हणाल्या. “कर. तेच लागतं तुम्हाला.”

घरीही तसंच होतं. मराठीतले विषय कधी करायचे, असं मी एकदा विचारलं तेव्हा पप्पा म्हणाले, “त्यात काय करायचंय? आपल्याच भाषेत आहे. वाचलं की झालं.” आईला ते पटलं. मलाही पटलं. भीती दोनच विषयांची होती आणि दिवसाचे तास तिच्याकडेच जात होते. सर मात्र आता रोज अक्षरं बदलत. कधी एक्स, वाय, झेड, तर कधी एल, एम, एन. फेब्रुवारीत केव्हातरी मी अक्षरांकडे न बघता बाजूंकडे बघायला लागले. ते नेमकं कधी झालं ते सांगता येणार नाही. सरांनी मला पुन्हा फळ्याशी उभं केलं. मी पूर्ण सिद्धता लिहिली. “चल, बैठ,” एवढंच ते म्हणाले. तरी हात गारच होते.

वार्षिक परीक्षेत विज्ञानाच्या पेपराला काही प्रश्न मला नीट कळले नाहीत, पण उत्तरं आली. प्रश्नातला एखादा ओळखीचा शब्द सापडला की त्याच्यामागे पाठ केलेलं पान आपोआप येई. भूमितीत नवीन अक्षरांचा त्रिकोण आला आणि मी तो सोडवला. मग भूगोलाचा पेपर आला. भौगोलिक कारणे लिहा. टीपा लिहा. नकाशात दाखवा. प्रश्नपत्रिकेतला एकेक शब्द मला कळत होता आणि एकाचंही उत्तर येत नव्हतं. नकाशा समोर होता. त्याच्यावर पेन टेकवायला जागा दिसेना. शेजारच्या रांगेत माझ्या बाकावरच्या मुलीने पेन खाली ठेवलं होतं आणि ती खिडकीबाहेर बघत होती. इतिहासाच्या पेपरालाही तसंच झालं. दोन्ही वेळा मी शेवटच्या घंटेपर्यंत बसून राहिले. लवकर उठलं तर बाईंना कळेल, अशी भीती होती.

निकालाच्या आदल्या दिवशी शाळेचा शिपाई सायकलवरून घरोघर जाई. ज्याच्या दारात सायकल थांबली त्याच्या वडिलांना सकाळी ऑफिसात बोलावलेलं असे. म्हणजे काय ते गल्लीतल्या प्रत्येकाला कळे. त्या दिवशी सकाळपासून मी घराच्या आतल्या बाजूला बसले होते. भाजीवाल्याच्या सायकलचा आवाज आला तरी मी उठून दाराच्या फटीतून बघे. दुपार गेली. ऊन उतरलं. आता येणार नाही असं वाटायला लागलं तेव्हा दाराशी ब्रेक लागला.

“उद्या अकराला वडिलांना घेऊन यायचं,” शिपाई म्हणाला.

“पाणी घ्या ना,” आई म्हणाली.

“नको ताई. अजून घरं आहेत.”

पप्पांनी फर्स्ट शिफ्ट बुडवली. ऑफिसात मुख्याध्यापिका होत्या आणि वर्गशिक्षिका होत्या. आम्हाला बसायला सांगितलं. पप्पा बसले, मी उभी राहिले. मुख्याध्यापिका सौम्य बोलत. “मुलगी चांगली आहे तुमची. तिचं वर्ष आम्ही वाया घालवणार नाही. पास करतोय. दाखला तयार आहे, आजच घेऊन जा, म्हणजे दुसरीकडे प्रवेश घ्यायला वेळ मिळेल.”

पप्पांनी विचारलं, “कशात गेली? गणितात?”

“गणितात पास आहे. विज्ञानातही. भूगोल आणि इतिहासात गेली.”

पप्पांनी माझ्याकडे बघितलं नाही. “भूगोल मराठीत असतो ना?”

“हो,” वर्गशिक्षिका म्हणाल्या.

पंखा फिरत होता. टेबलावर दाखला होता, त्याच्यावर पेपरवेट. मला धागे कापायचा कारखाना माहीत नव्हता, मी तो कधी पाहिला नव्हता. पण त्या वेळी मला तो दिसत होता, आत एक रिकामी जागा होती आणि ती माझी होती. पप्पा ‘बरं’ म्हणतील आणि दाखला उचलतील असं मला वाटलं. ते मोठ्या माणसांसमोर नेहमी ‘बरं’ म्हणत.

“दुसरीकडे नाही घेतलं तर?” पप्पांनी विचारलं.

“ते आता तुम्हाला बघावं लागेल. एकदा दाखला दिला की आमच्या हातात काही राहत नाही.”

“आणि पास नाही केलं तर?”

मुख्याध्यापिकांना प्रश्न लगेच कळला नाही. पप्पांनी तो पुन्हा विचारला. “नापास करा मॅडम. नापास मुलाला काढता येत नाही ना?”

“अहो, काय बोलताय? लोक इथे येऊन पास करा म्हणून रडतात. तिच्या मैत्रिणी दहावीत जातील आणि ही खाली लहान मुलांत बसेल.”

“बसेल.”

“तिला विचारलंत का?”

तेव्हा पप्पा माझ्याकडे वळले. “बसशील का?”

मला बसायचं नव्हतं. मला दाखलाही नको होता. तिसरं काही टेबलावर नव्हतं. मी मानेनंच हो म्हटलं. वर्गशिक्षिकांनी प्रगतिपुस्तक ओढलं, पण त्यावर काही लिहिलं नाही. त्यांनी मुख्याध्यापिकांकडे बघितलं. मुख्याध्यापिकांनी पेपरवेट बाजूला केलं, दाखला उचलला आणि ड्रॉवरमध्ये ठेवला. “जूनमध्ये वेळेवर या,” त्या म्हणाल्या. आता आवाज सौम्य नव्हता.

परतताना पप्पा दोन पावलं पुढे चालत होते. त्यांच्या पाठीवरून ते रागावलेत की नाही ते कळत नव्हतं. गल्लीच्या तोंडाशी नळावर शेजारच्या काकू हंडा भरत होत्या. शिपाई कालच येऊन गेलेला. त्यांना सगळं माहीत होतं. तरी त्यांनी विचारलं, “काय झालं ओ भाऊ? पास ना?”

“नाही वहिनी. नापास.”

काकूंचा हंडा भरून वाहायला लागला. “अगं बाई. म्हणजे दाखला नाही दिला?”

“नाही दिला. परत नववी.”

“म्हणजे शाळेतच का?”

“शाळेतच.”

यावर हळहळावं की काय करावं हे काकूंना ठरवता येईना. त्यांनी नळ बंद केला. पुढच्या दारात एक म्हातारे आजोबा खाटेवर बसलेले असत. आम्हाला बघून तेही सरसावले. “काय रे, पोरीचं काय झालं?”

पप्पा थांबले. या वेळी त्यांनी माझ्याकडे बघितलं. ते माझी वाट बघत उभे राहिले. माझे हात गार होते. उन्हात अख्खी गल्ली दाराबाहेर होती.

“सांग,” पप्पा म्हणाले.

मी सांगितलं.